जुन्या इंजिनांचं पॅकिंग, लॅगिंग आणि त्यातलं अॅस्बेस्टॉस: मेकॅनिकच्या छातीत नेमकं काय होतं

जुन्या मोठ्या इंजिनांवर ज्यांनी नोकरी काढली, म्हणजे डिझेल जनरेटर, जहाजाची इंजिनं, रेल्वेची लोकोमोटिव्ह, कंप्रेसर, पंप, वाफेवर चालणारी यंत्रं, त्यांना विचारा की तुम्ही कधी अॅस्बेस्टॉसचं काम केलंय का, तर त्यातले कितीतरी जण सरळ नाही म्हणतील. आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांनी हेडचं पॅकिंग, म्हणजे दोन भागांच्या जोडातली गॅस्केट, बदललं, एक्झॉस्टवरचं लॅगिंग, म्हणजे ताप बाहेर येऊ नये म्हणून गुंडाळलेलं आवरण, उतरवलं, पंपाच्या ग्लँडमधली, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीची गळती रोखणाऱ्या खोबणीतली, जुनी दोरी उकरून काढली, क्लचवर कंप्रेसरची हवा मारली. या सगळ्यात अॅस्बेस्टॉस असायचं, पण ते कोणी त्यांना तसं सांगून हातात दिलं नाही. म्हणून मग तीस-पस्तीस वर्षांनी दम लागायला लागतो, छातीत एका बाजूला दुखायला लागतं, डॉक्टर विचारतात काय काम करायचात, उत्तर येतं "मेकॅनिक होतो", आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये एवढ्यासाठी हे सगळं लिहितोय.

अॅस्बेस्टॉस हे कारखान्यात बनवलेलं केमिकल नाही, तो खाणीतून निघणारा दगड आहे. फक्त हा दगड फोडला की खडे पडत नाहीत, तंतू सुटतात, आणि एका तंतूचे आणखी बारीक तंतू, त्यांचे आणखी बारीक, असे ते उभे चिरत जातात, अगदी डोळ्याला दिसेनासे होईपर्यंत. ते जळत नाहीत, तेल-वाफ-ताप सगळं सोसतात, त्यांचा धागा वळता येतो, कापड विणता येतं, रबरात मिसळून शीट लाटता येते, आणि वर स्वस्त. इंजिन बनवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं, दोन लोखंडी फेसच्या मधे प्रेशर आणि ताप दोन्ही धरून ठेवेल आणि बोल्ट आवळल्यावर थोडं दबेल असं काहीतरी. त्यामुळे विसाव्या शतकाचा मोठा काळ ते सर्रास वापरलं गेलं.

याचे वापरातले मुख्य प्रकार तीन. पांढरं म्हणजे क्रायसोटाइल, याचे तंतू वळलेले, मऊ असतात आणि गॅस्केट, दोरी, क्लच, ब्रेक यात मुख्यतः हेच. तपकिरी म्हणजे अमोसाइट आणि निळं म्हणजे क्रोसिडोलाइट, हे सरळ सुईसारखे, जास्त टिकणारे आणि मेसोथेलिओमाच्या (फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर) बाबतीत जास्त घातक, अमोसाइट विशेष करून पाइपांच्या आणि बॉयलरच्या लॅगिंगमधे असायचं. पण हे रंग खाणीतल्या कच्च्या मालाचे आहेत हं, रबर-ग्रॅफाइट-सिमेंट मिसळून झाल्यावर रंगावरून काहीच कळत नाही, काळी-करडी गॅस्केट पाहून "यात नसेल" असं म्हणणं म्हणजे निव्वळ अंदाज. लॅबमधे मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय खात्री होत नाही. आणि पांढरं सुरक्षित असतं हे जे कानावर येतं ना, ते चुकीचं आहे, जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था सगळेच्या सगळे प्रकार माणसात नक्की कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात धरते.

आता इंजिनात ते कुठे कुठे होतं बघू. हेड गॅस्केट तर सगळ्यांना माहीत, जुन्या हेड गॅस्केटमधे तांब्याच्या किंवा स्टीलच्या पातळ पत्र्यांच्या मधे अॅस्बेस्टॉसचा थर दाबलेला असायचा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट. मोठ्या इंजिनांना प्रत्येक फ्लँजसाठी (बोल्टने जोडायची पाइपाची कडा) तयार गॅस्केट मिळायचीच असं नाही, मग शीटमधून जागेवरच कापायची, शीट फ्लँजवर ठेवून कडेवर बॉलपीन हातोडीने टकटक करत आकार काढायचा, बोल्टच्या भोकांना पंच मारायचा, आणि ती शीट म्हणजे रबरात बांधलेलं क्रायसोटाइलच, त्यात निम्म्याहून जास्त भाग अॅस्बेस्टॉसचा असायचा. पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या ग्लँडमधली विणलेली दोरी. एक्झॉस्ट पाइपवर गुंडाळलेलं कापड आणि पट्ट्या, टर्बोवरची गादी, वाफेच्या पाइपांवरचं ते पांढरं प्लास्टर. एक इन्सुलेशन "८५ टक्के मॅग्नेशिया" या नावाने विकलं जायचं, उरलेल्या भागात अॅस्बेस्टॉसचे तंतू असायचे आणि नावात त्याचा पत्ताच नाही. क्लच फेसिंग, विंच आणि क्रेनचे ब्रेक बँड, इलेक्ट्रिक पॅनेलमधल्या ठिणगी विझवणाऱ्या आर्क शूट, जनरेटरच्या काही इन्सुलेशन. आणि गरम पार्ट उचलायला दिलेले जाड हातमोजे आणि वेल्डिंगचं ब्लँकेट, तेही बऱ्याचदा अॅस्बेस्टॉस कापडाचंच. म्हणजे संरक्षण म्हणून जे दिलं त्यातूनही तंतू झडत होते, याचा मला फार राग येतो.

पण एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर उगाच घबराट होते. बोल्टखाली दाबून बसलेली, तेलात भिजलेली गॅस्केट तिथे नुसती असल्याने कोणाला काही होत नाही. तंतू बांधलेले असतात. धोका आहे तो तंतू हवेत उडण्यात, आणि मेकॅनिकचं काम बघितलं तर तो नेमका त्याच क्षणी तिथे तोंड घेऊन असतो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट काढायचं काम घ्या. वर्षानुवर्षं तापून तिच्यातलं रबर जळून गेलेलं असतं, उरलेलं सगळं भुसभुशीत, आणि तरी कडेला मात्र लोखंडाला असं चिकटलेलं की पत्र्याची पट्टी घातली तरी तुकड्या-तुकड्यानेच निघतं. आधी छिन्नी, मग स्क्रॅपर, आणि तरी फेसवर करडे डाग राहतात, ते राहिले तर नवीन गॅस्केट लीक होणार, म्हणून मग ग्राइंडरला वायर ब्रश लावून फेस चकचकीत करायचा. डोकं खाली, डोळे कामापासून हातभर अंतरावर, कारण फेसवर ओरखडा पडू द्यायचा नाही. ते झालं की सिलिंडरमधे कचरा जाऊ नये म्हणून कंप्रेसरची हवा मारून सगळं उडवायचं. शेवटी बाक झाडायचा, जमीन झाडायची. कोणीही हेच चांगलं काम म्हणेल, फेस एकदम स्वच्छ. पण तंतूंच्या हिशोबाने बघा, हाताच्या स्क्रॅपरने ओल्या गॅस्केटवर काम केलं तर हवेत त्या मानाने कमी जातं, पॉवर वायर ब्रश कोरड्या गॅस्केटवर चालवला की ते कितीतरी पटीने वाढतं, आणि हवा मारली की खाली बसलेलं पुन्हा वर.

लॅगिंग तर याहून वाईट, कारण ते मुळातच ठिसूळ. इंजिनाचा ओव्हरहॉल म्हटलं की आधी एक्झॉस्टवरचं लॅगिंग फोडून काढायचं, ते हाताने चुरगळतं, आणि इंजिन रूम बंदिस्त. एक जण फोडतोय, बाकीचे चार जण व्हॉल्व्ह, पंप, वायरिंग बघतायत, सगळ्यांच्या छातीत सारखंच जातंय. ज्याने आयुष्यात एकदाही लॅगिंगला हात लावला नाही अशा इलेक्ट्रिशियनलाही त्यामुळे आजार होऊ शकतो.

किती तंतू म्हणजे किती? अमेरिकेत कामाच्या जागी कायद्याने चालणारी मर्यादा आठ तासांच्या सरासरीला दर घन सेंटिमीटर हवेत ०.१ तंतू आहे. ऐकायला नगण्य वाटतं. पण मेहनतीचं काम करणारा माणूस एका पाळीत साधारण दहा घनमीटर हवा आत घेतो, म्हणजे एक कोटी घन सेंटिमीटर, तर हिशोब केला की कायद्याच्या आत राहूनसुद्धा दिवसाला दहा लाख तंतू श्वासातून जाऊ शकतात. आणि ही मोजणी फक्त पाच मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब तंतूंची, त्याहून छोटे मोजलेच जात नाहीत. ही मर्यादाही १९९४ सालची आहे, १९७२ मधे तीच ५ होती, मग १९७६ मधे २, १९८६ मधे ०.२. म्हणजे १९७२ ला जे कायदेशीर होतं ते आजच्या पन्नास पट. त्या काळात काम केलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

आत गेलेल्या तंतूचं काय होतं? जाड धूळ नाकात, घशात अडकते, खोकल्याबरोबर बाहेर येते. हे तंतू लांब असले तरी इतके बारीक असतात की हवेच्या दिशेने सरळ होऊन थेट फुफ्फुसाच्या टोकाशी असलेल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. तिथे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी असतात, मॅक्रोफेज, त्या बाहेरची वस्तू गिळून टाकतात. पण तंतू पेशीपेक्षा लांब असला तर पेशीला तो पुरा गिळता येत नाही, ती अर्धवट गिळते, धडपडते, आणि त्या धडपडीत जळजळ करणारी रसायनं बाहेर सोडत राहते. पेशी मरते, तंतू तिथेच, मग दुसरी पेशी येते, पुन्हा तेच. बोटात रुतलेलं कुसळ निघत नाही तोवर आजूबाजूला सूज राहतेच ना, तसं, फक्त हे वर्षानुवर्षं चालतं. काही तंतूंवर शरीर लोह आणि प्रथिनाचा लेप चढवतं, ते मायक्रोस्कोपखाली मण्यांच्या काडीसारखे सोनेरी-तपकिरी दिसतात आणि ते दिसले की डॉक्टरांना कळतं हा माणूस अॅस्बेस्टॉसमधे होता. क्रायसोटाइल फुफ्फुसातून त्या मानाने लवकर तुटून निघून जातं, अमोसाइट आणि क्रोसिडोलाइट दशकानुदशकं राहतं.

या सततच्या जळजळीतून वेगवेगळे आजार होतात आणि ते एकमेकांत मिसळून बोलले जातात, म्हणून वेगळे सांगतो. सगळ्यात जास्त दिसतात ते प्लुरल प्लाक, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणावर आलेले जाड, कधी चुना साचलेले पट्टे. त्यांचा स्वतःचा सहसा काही त्रास नसतो आणि त्यांचा पुढे कॅन्सर होत नाही, पण ते दिसणं म्हणजे संपर्क झाला होता याचा पुरावा. दुसरा अॅस्बेस्टॉसिस, यात फुफ्फुसाचा मऊपणा जाऊन ते आतून व्रण पडल्यासारखं कडक होतं, जिना चढताना दम, कोरडा खोकला, बोटांची टोकं फुगीर होणं, आणि डॉक्टरांनी पाठीवर खाली स्टेथोस्कोप लावला तर श्वास घेताना बारीक चरचर ऐकू येते. हा मुख्यतः वर्षानुवर्षं जास्त धूळ घेतलेल्यांना होतो. तिसरा फुफ्फुसाचा कॅन्सर. चौथा मेसोथेलिओमा, फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर, हा दुर्मिळ आहे पण झाला तर बहुतेक वेळा त्यामागे अॅस्बेस्टॉसच असतं, आणि तो तुलनेने कमी संपर्कातूनही होऊ शकतो, संपर्कानंतर वीस ते पन्नास वर्षांनी. स्वरयंत्राच्या आणि बीजाशयाच्या कॅन्सरशी सुद्धा संबंध सिद्ध झालेला आहे.

सिगारेट-बिडीचं मात्र स्वतंत्र सांगायलाच हवं. अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांवर हॅमंड, सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९७९ मधे आला, त्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका नुसत्या अॅस्बेस्टॉसने साधारण पाच पट, नुसत्या सिगारेटने अकरा पट, आणि दोन्ही मिळून पन्नासच्या वर. बेरीज नाही, गुणाकार. म्हणून ज्या मेकॅनिकने तरुणपणी ही धूळ खाल्ली त्याच्यासाठी आज, साठीत-सत्तरीत सुद्धा, सिगारेट सोडणं ही सगळ्यात जास्त फायद्याची गोष्ट आहे. आत गेलेले तंतू काढता येत नाहीत पण गुणाकारातला दुसरा आकडा आपल्या हातात आहे. मेसोथेलिओमावर सिगारेटचा परिणाम दिसत नाही, तो बिडीला हात न लावलेल्यालाही होतो.

ब्रेकच्या बाबतीत खरं काय ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. ब्रेक लायनिंग घासताना इतकं तापतं की त्यातलं बरंचसं क्रायसोटाइल बदलून दुसरंच खनिज बनतं, त्यामुळे झिजलेल्या ब्रेकच्या धुळीत खरं अॅस्बेस्टॉस थोडंच उरतं, आणि गाड्यांच्या ब्रेक मेकॅनिकवर झालेल्या बऱ्याच अभ्यासांत मेसोथेलिओमा वाढलेला दिसला नाही. यावर कोर्टात मोठे वाद झालेत, आणि काही अभ्यासांना कंपन्यांचा पैसा होता हाही मुद्दा निघतो. माझं म्हणणं असं की हा निष्कर्ष उचलून मोठ्या इंजिनांवर चिकटवू नये. नवीन लायनिंग घासणं किंवा ड्रिल मारणं यात न तापलेलं अॅस्बेस्टॉस उडतं, आणि जहाजाच्या इंजिन रूममधे किंवा पॉवर प्लांटमधे गॅस्केटच्या जोडीला लॅगिंग होतं, अमोसाइट होतं, बंद जागा होती. दोन्ही ठिकाणी "मेकॅनिक" लिहिलेलं असलं तरी छातीत गेलेला माल वेगळा.

आणि हे सगळं उशिरा कळलं असं म्हणायला जागा नाही. १९२४ मधे इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या अॅस्बेस्टॉस कारखान्यात काम केलेल्या नेली कर्शॉ वारल्या आणि त्यांच्या फुफ्फुसाची तपासणी मेडिकल जर्नलमधे छापून आली. १९३० मधे मेरेवेदर आणि प्राइस यांनी ब्रिटनच्या कारखान्यांतले कामगार तपासले तर साधारण चौथ्या हिश्श्याच्या फुफ्फुसात व्रण सापडले, आणि १९३१ मधे धुळीचे नियम आले. पण ते नियम अॅस्बेस्टॉसच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यांसाठी. तीच गॅस्केट विकत घेऊन बसवणारा, दहा वर्षांनी खरवडून काढणारा फिटर त्या नियमांत बसतच नव्हता. १९६० मधे दक्षिण आफ्रिकेत वॅगनर आणि सहकाऱ्यांनी निळ्या अॅस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातले मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण मांडले, त्यातले कितीतरी खाणीत काम केलेलेही नव्हते, नुसते आसपास राहिलेले. १९६५ मधे लंडनच्या एका अभ्यासात कामगारांचे कपडे धुणाऱ्या घरच्या बायकांमधे तोच आजार सापडला. तरीही ब्रिटनमधे पूर्ण बंदी १९९९ ला, ऑस्ट्रेलियात २००३ च्या शेवटी, युरोपियन युनियनभर २००५ पासून, जहाजांवर नवीन बसवायला सरसकट मनाई २०११ पासून, आणि अमेरिकेने क्रायसोटाइल बंद करायचा नियम काढला तो २०२४ मधे.

बंदी आली म्हणजे वस्तू गेली असंही नाही. इंजिनं चाळीस-पन्नास वर्षं चालतात, शेल्फवर जुन्या गॅस्केटचे सेट पडून असतात, आणि २०१२ मधे ऑस्ट्रेलियात बाहेरून आलेल्या सुमारे २३ हजार नवीन गाड्या परत बोलवायला लागल्या कारण इंजिनाच्या आणि एक्झॉस्टच्या गॅस्केटमधे अॅस्बेस्टॉस निघालं, म्हणजे बंदीनंतर नऊ वर्षांनी. तेव्हा जुनं इंजिन उघडताना "असेल" असंच धरून चालायचं. लॅगिंग असेल तर स्वतः हात लावूच नका, ते काम त्याचं ट्रेनिंग आणि परवाना असलेल्यांचं. गॅस्केट असेल तर आधी भिजवा, पाण्यात दोन थेंब लिक्विड साबण टाकला की पाणी आत मुरतं, आणि काम चालू असताना पुन्हा पुन्हा भिजवा. हाताचा स्क्रॅपर वापरा, वायर व्हील आणि ग्राइंडर नको. हवा मारायची नाही, झाडायचं नाही, साधा व्हॅक्यूम नाही कारण त्याच्या मागून बारीक तंतू परत खोलीत येतात, अगदी बारीक कणही अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा, अॅस्बेस्टॉससाठीचा व्हॅक्यूम किंवा ओलं फडकं. कापडी किंवा सर्जिकल मास्कचा काही उपयोग नाही, चेहऱ्याला नीट बसणारा पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क हवा आणि दाढी वाढलेली असेल तर तोही कडेने गळतो. तुकडे आणि फडकी ओलीच, दुहेरी जाड पिशवीत, वर लिहून. कामाचे कपडे कामावरच राहिले पाहिजेत. आणि बदली म्हणून जी पांढरी सिरॅमिक फायबरची गादी येते ती अॅस्बेस्टॉस नाही हे खरं, पण तिलाही कॅन्सरची शक्यता असलेल्या गटात ठेवलेलं आहे, तेव्हा तीही उघड्या तोंडाने फाडायची वस्तू नाही.

ज्यांचं काम करून झालंय त्यांनी आता एक कागद घ्या आणि आठवेल तसं लिहून काढा. कुठल्या साली कुठे, कसली इंजिनं, गॅस्केट कशाने काढायचात, लॅगिंग शेजारी कोण फोडत होतं, जागा बंद होती का, सिगारेट किती वर्षं. जुन्या साथीदारांना फोन करा, त्यांना पार्टची नावं आठवतात. हा कागद डॉक्टरांना द्या आणि अॅस्बेस्टॉस हा शब्द तुम्हीच काढा, वाट बघू नका. साधा एक्स-रे सुरुवातीच्या आजारात नॉर्मल येऊ शकतो, गरज वाटली तर डॉक्टर हाय रेझोल्यूशन सीटी आणि फुफ्फुसाची क्षमता मोजणारी टेस्ट सांगतील. किती तंतू आत गेले हे सांगणारी रक्ताची खात्रीची तपासणी नाही, कोणी तशी विकत असेल तर पैसे देऊ नका. छातीत एका बाजूला पाणी झालं आणि कारण सापडत नसेल, तर हा इतिहास पुन्हा सांगाच, कारण मेसोथेलिओमा बऱ्याचदा असाच सुरू होतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल विचारा, कमकुवत फुफ्फुसाला साधा संसर्ग जड जातो. नुकसानभरपाईची सोय जिथे आहे तिथे बऱ्याचदा मुदत आजाराच्या निदानापासून मोजतात, तेव्हा निदानाचे कागद, पगाराच्या स्लिपा, सर्व्हिस बुक यातलं काही रद्दीत घालू नका.

आणि ज्या बाईने वीस वर्षं ते करड्या धुळीचे कपडे झटकून धुतले, किंवा जी मुलं बाबा आले की तशीच मिठी मारायची, त्यांना दम किंवा छातीचा त्रास सुरू झाला तर त्यांच्या डॉक्टरांनाही घरात कोण काय काम करत होतं हे सांगायचं, त्यांनी स्वतः कधी पाना हातात धरला नसला तरी.